थोरलीचा दम

एका गावात एक डोह होता आणि त्या डोहाच्या जिवावर गाव भारी ऐट मिरवायचं. गोष्ट फार जुनी आहे असं म्हणतात. असेल बापडी. पण सांगताना मला आजही राग येतो, तेव्हा मधेच माझा आवाज चढला तर ऐकून घ्या.

गाव नदीच्या वळणावर होतं. वळणाला काळा कातळ आणि कातळाखाली तो डोह. डोहात महाशीर मासे. लहानसहान मासे लोक धरायचे, कालवण करून खायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण डोहात एक जुनी मादी होती. उभी धरली तर माणसाच्या छातीला लागेल एवढी. अंगावर तळहाताएवढे सोनेरी खवले आणि शेपटीला एक जुनी चीर. तिला सगळे थोरली म्हणायचे. नदीतली निम्मी मासळी हिचीच लेकरं, असं म्हातारे सांगायचे. थोरलीला खायचं नाही हे कुणाला सांगावंच लागत नसे. आजीला कुणी कालवणात घालतं का?

तिला गळाला लावायला मात्र बंदी नव्हती. जन्मात एकदा तरी थोरलीला दोन्ही हातांवर घ्यावं, चार लोकांनी ते बघावं, ही गळ टाकणाऱ्या प्रत्येकाची हौस. त्याला वाडवडिलांनी एकच नियम घालून दिला होता. मोठा मासा पाण्याबाहेर काढला की काढणाऱ्याने आपला श्वास कोंडायचा. मासा बाहेर, तोवर तुझाही श्वास बंद. तुझा दम सुटला की मासा पाण्यात. याला गाव ‘दम धरणं’ म्हणायचं. नियम करणारा शहाणाच असणार. पण नियम शहाण्याने केला म्हणून पाळणारे शहाणे निघतात असं थोडंच आहे!

त्या गावात तिघे मित्र होते. भिवा लोहार, सटवा सुतार आणि काशा कोष्टी. काठी आणि दोरा गुंडाळायची फिरकी सटवाने घडवलेली, दोरा काशाने वळलेला, गळ भिवाने भट्टीत लाल करून वाकवलेला. एकट्याच्याने मासा धरणं होत नसे, म्हणून तिघे नेहमी मिळून डोहावर. पावसाळा सरून पाणी निवळलं की हातातली कामं टाकून हे तिघे कातळावर हजर. गळाला पिकलं उंबर लावायचं, भाकरी सोडायची, आणि एकमेकांची टवाळी करत बसायचं.

“भिवा, तुझ्या गळाला लागतो तो मासा आंधळा असतो बघ,” काशा म्हणायचा.

“आणि तुझा दोरा पाहून मासे हसतात. हसताना तोंड उघडतं, म्हणून लागतात!” भिवा म्हणायचा.

किती सुखाचे दिवस होते ते. दोरा ताणला गेला की तिघेही एकदम उठून उभे राहायचे, मग मासा कुणाच्याही काठीला लागलेला असो. ही मजा खोटी होती असं मी म्हणत नाही. मजा खरीच होती.

भिवाला मात्र थोरलीचा ध्यास लागलेला. ऐरणीवर घण घालतानाही तिच्याबद्दलच बोलायचा. छाती त्याची भात्यासारखी, दम सगळ्या गावात लांब. “एकदा येऊ तर दे हातात,” म्हणायचा, “असा दम धरीन की लोक पोटभर बघतील!”

आणि एका सकाळी ती आली. भिवाच्या काठीचं टोक एकदम पाण्याला टेकलं. फिरकी किंचाळायला लागली.

“थोरली! अरे, थोरलीच आहे!” सटवा ओरडला.

“ढील दे, ढील दे! ओढू नकोस मेल्या, दोरा माझा आहे, जीव नाही त्यात लोखंडाचा!” काशा कमरेएवढ्या पाण्यात उतरला.

ती खाली गेली, कातळाच्या कपारीत घुसली, परत निघाली, सगळा डोह तिने ढवळला. भिवाच्या तळहाताची सालं निघाली. सटवाने मागून त्याची कंबर धरलेली, काशा पाण्यात दोरा कपारीपासून सोडवतोय. ऊन चांगलं वर आलं तेव्हा कुठे ती दमून काठाला आली. काशाने अलगद तिच्या जबड्यातला गळ काढला. भिवाने छाती भरून श्वास घेतला, दोन्ही हात तिच्या पोटाखाली घातले आणि तिला उचललं.

काय दिसली म्हणून सांगू! उन्हात खवले चमकायला लागले. सटवाच्या डोळ्यांत पाणी आलं. काशा तर वेड्यासारखा हसत होता. मित्रांनी मिळून धरलेली थोरली मित्रांनी मन भरून पाहिली. गोष्ट इथेच संपायला हवी होती. नाही संपली, त्याचाच तर संताप येतो.

कातळावरचा आरडाओरडा ऐकून गाव धावत आलं होतं. भिवाचा दम संपत आला, चेहरा लालबुंद झाला. तो तिला पाण्यात ठेवायला वाकला, एवढ्यात वरून पाटील ओरडले, “अरे थांब, थांब! आम्ही अजून नीट पाहिली कुठे?”

“पाटील, दम संपला त्याचा,” काशा म्हणाला.

“त्याचा संपला ना? माझा कुठे संपलाय! आण इकडे.”

आता भिवाने काय करायला हवं होतं? लहान पोरही सांगेल. पण पाटील आपल्याकडे मासा मागतायत, सगळं गाव बघतंय, उद्या चावडीवर आपलंच नाव! भिवाने श्वास सोडला आणि थोरलीला पाटलांच्या हातांवर दिलं. पाटलांनी गाल फुगवून आपला दम धरला. नियमाप्रमाणे!

पाटलांचा दम संपला तर वाणी पुढे. “माझी पाळी, माझी पाळी!” त्यानेही अगदी इमानाने श्वास कोंडला. मग तालमीतला पहिलवान. मग गुरव. मग पाटलांचे व्याही, पाहुणे म्हणून आलेले, त्यांना नाही म्हणायचं कसं? प्रत्येकाने धरताना श्वास कोंडला, सुटला तसा मासा पुढच्याला दिला. एकानेही नियम मोडला नाही. बघा हं, एकानेही नाही!

काशा घसा फोडून ओरडत होता. “सोडा रे तिला! कल्ले बघा, कल्ले कसे करतायत बघा!”

आणि लोक त्याला काय म्हणाले असतील? म्हणाले, “जरा दम धर रे काशा! असा मासा काय रोज मिळतो?”

दम धर म्हणे! ज्यांनी दर थोड्या वेळाने पोटभर श्वास घेतला ते लोक, श्वासाविना तडफडणाऱ्या जिवासमोर, दुसऱ्याला दम धरायला सांगत होते. काशा तिला हिसकावून घ्यायला धावला तर पहिलवानाने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. भिवा बाजूलाच उभा होता. आपल्या मित्राला मागे ओढलेलं त्याने पाहिलं आणि तो जागचा हलला नाही. लोक त्याची पाठ थोपटत होते ना!

शेवटी हौस फिटली. थोरलीला पाण्यात ठेवलं. ती आडवी झाली. कुणीतरी सरळ केली, परत आडवी झाली. “थकलीय, होईल ताजी,” वाणी म्हणाला. तिचं पांढरं पोट वर आलं आणि पाण्याच्या कडेला हलकेच डुलायला लागलं. काशा गुडघ्यांवर बसला, तिचं डोकं ओंजळीत धरून पाण्यात पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिला. कितीतरी वेळ. कल्ला एकदाही उघडला नाही.

आता मजा ऐका. मग एकेकाला कंठ फुटला.

“मी तर नियमाने दम धरला बुवा,” पाटील म्हणाले.

“मीपण. अगदी डोळे बाहेर आले होते माझे,” वाणी म्हणाला.

“माझ्या हातात होती तेव्हा चांगली हलत होती,” गुरव म्हणाला. सगळ्यांनी तेच सांगितलं. पाटलांनी निवाडा करून टाकला की नियम कुणी मोडला नाही, सबब दोष कुणाचा नाही, मासळीचं आयुष्यच संपलं होतं. लोकांनी माना डोलावल्या आणि घरची वाट धरली. भिवाचाही जीव भांड्यात पडला.

काशा ओलाचिंब उठला. “भिवा,” तो म्हणाला, “तू नियम पाळलास?”

“पाळला. तुझ्यादेखत पाळला.”

“मग एक कर. डोकं पाण्यात घाल. हे सगळे काठावर उभे राहतील. थोरलीला ज्यांनी धरलं तेच, त्याच पाळीने. पहिला दम तुझा, तो तू धरशीलच. मग पाटील धरतील, मग वाणी, मग पहिलवान, मग गुरव, मग हे पाहुणे. शेवटच्याचा सुटला की तू वर ये. नियम तोच, आपल्या वाडवडिलांचा.”

“हात्तिच्या!” भिवा हसला. “माझी छाती ठाऊक आहे ना तुला?” त्याने श्वास भरला आणि पाण्यात डोकं खुपसलं.

गाव परत फिरून कातळावर आलं. बुडबुडे आले, थांबले. भिवाचा दम खरंच लांब होता. मग त्याचे खांदे थरथरू लागले. “पाटील, तुमची पाळी,” काशा म्हणाला. पाटलांनी चारचौघांत नाही कसं म्हणायचं म्हणून गाल फुगवले. तोच पाणी उडवत भिवा वर आला, तोंड आ वासून, डोळे पांढरे करून, घशातून घरघर काढत.

काशा त्याच्यासमोर उभा राहिला. “अरे, वर का आलास? पाटलांचा दम अजून बाकी आहे की!”

पाटील तसेच, गाल फुगलेले. त्यांना सोडवेना आणि धरवेना. भिवाने त्यांच्याकडे पाहिलं, मग काठाला पडलेल्या थोरलीकडे पाहिलं. तिचंही तोंड तसंच आ वासलेलं होतं. तो खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. लोक मान खाली घालून निघून गेले. लाज वाटली असावी. वाटायलाच हवी होती!

काशाने सगळ्या काठ्यांवरचा आपला दोरा सोडवून घेतला, गुंडाळला आणि घरी गेला. दोऱ्याविना काठी म्हणजे नुसता बांबू, आणि गळ म्हणजे वाकडा खिळा. त्या साली तिघांतलं कुणीच डोहावर गेलं नाही.

पुढे राग निवला. मित्रच ते. काशा दोरा घेऊन परत आला, भिवाने मुकाट्याने गळ बांधला, सटवाने भाकरी सोडली. गावाने नियमही बदलला. आता मोठा मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. ज्याला बघायची हौस असेल त्याने धोतर भिजवावं आणि छातीएवढ्या पाण्यात उतरून बघावं, मग तो पाटील असो नाहीतर पाटलांचा व्याही.

नियम चांगला झाला. पण बघायला होतं काय? महाशीर काही एका पावसात थोरली होत नाही. गळाला बोट-दोन बोटं लांबीची पिल्लं लागायची, आणि पुढेपुढे तीही विरळ झाली.

तिघे म्हातारे झाले तरी कातळावर बसायचे. नंतर जन्मलेली पोरं भिवाला विचारायची, “आजोबा, थोरली केवढी होती हो?” गळ टाकणाऱ्याला हा प्रश्न विचारला की त्याचे दोन्ही हात आपोआप फाकतात, मासा धरलेला असो की सुटलेला. भिवाचे हात मात्र मांडीवरच राहायचे. दाखवण्यापायीच गेली होती ती. तो नुसतं पाण्याकडे बघायचा.

आता यावरून घ्यायचं तात्पर्य एवढंच: स्वतः मोकळा श्वास घेत दुसऱ्याला ‘जरा दम धर’ म्हणू नये, आणि नियम पाळला म्हणून हात झटकण्याआधी, ज्याच्यासाठी नियम होता तो जीव जिवंत आहे का, ते वाकून बघावं.