टेकाडाखालचे आजे-पणजे

आमच्या गावाबाहेर मोठ्या दगडांच्या रिंगणात एक टेकाड आहे. त्याखाली हजारो वर्षांपूर्वीची माणसं पुरलेली आहेत, म्हणून तिथे खोदकामाला मनाई असल्याची सरकारी पाटी होती. दौलतराव मालगुजारांनी ती उपटून आपल्या गोठ्याला ठोकली. वर दर ग्रामसभेत यांचं एकच पालुपद, "खाली आमचेच आजे-पणजे आहेत, म्हणजे जागा आमची!" ऐकून ऐकून गावाचे कान किटले. परवा तर मुरूम काढायला त्यांनी टेकाडावर जेसीबीच आणून उभा केला, आणि सभेत पुन्हा तेच सुरू!

सरपंच गिरजाबाई वैतागून म्हणाल्या, "खोदा एकदाचं! पण हाडं निघाली की सुतक धरा. मरण जुनं असलं तरी घरचंच आहे. शुक्रवारची पोरीची हळद पुढे ढकला."

दौलतराव ताडकन उठले. "कसलं सुतक? ते आमचे कोणी लागत नाहीत!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" बाई सभेकडे वळून म्हणाल्या. "मग मालगुजार, परक्यांच्या मसणात तुमचा जेसीबी कोणाला रडायला आणलाय?"