सटवा शपथ घेतो

वाघजाळी गावात सटवा नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगानं धट्टाकट्टा, मनानं निर्मळ. खोड एकच. सांगितलेलं तो कधी विसरत नसे.

गावच्या डेअरीवाल्यानं एकदा त्याला सांगितलं, "मी येईपर्यंत दुधाच्या कॅनना कुणाला हात लावू देऊ नकोस." डेअरीवाला सासुरवाडीला गेला, तो तिसऱ्या दिवशी उगवला. दुधाची गाडी रोज यायची आणि सटवाला शिव्या घालून रिकामी जायची. सटवानं कुणालाही हात लावू दिला नाही. दूध मात्र असं नासलं, की सगळ्या गावानं नाकं दाबली.

अशा बऱ्याच नोकऱ्या गेल्या. शेवटी त्याची बायको धुरपा कंटाळली. "अहो, एक तरी नोकरी दिवाळीपर्यंत टिकवून दाखवा. टिकली तर मी नांदायला येईन. नाही तर माझं माहेर बरं!" असं म्हणून तिनं पिशवी भरली आणि एस.टी. पकडली.

सटवाचा धुरपावर फार जीव. तिच्यावाचून घर त्याला खायला उठलं.

धुरपाचे मामा रखमाजी राजधानीत राजभवनात जमादार होते, म्हणजे सगळ्या शिपायांचे मुकादम. भाचीसाठी त्यांनी शब्द टाकला आणि सटवाच्या अंगावर लाल पट्ट्याचा डगला चढला.

पहिल्या दिवशी मामांनी त्याला व्हरांड्यात उभं करून नीट समजावलं. "जावईबापू, हे राज्यपालांचं घर. माझा आजा इथं गोऱ्या लाटसाहेबाचा पंखा ओढायचा. लाटसाहेब म्हणेल ती पूर्व दिशा. त्याला विचारणारं कुणी नव्हतं. मग स्वातंत्र्य आलं. आता राज्यपाल मनानं काही करत नाहीत. मंत्रिमंडळाचा सल्ला येतो, मग साहेब सही करतात. सल्ल्याशिवाय काही नाही. कळलं?"

"कळलं, मामा," सटवा म्हणाला.

राज्यपालसाहेब दुसऱ्या प्रांतातले, म्हातारे आणि शांत. मराठी बोलायचे, पण जपून. सकाळी त्यांनी हाक मारली, "सटवा, चहा आणतोस?"

सटवा हलला नाही. "सल्ला आला का, साहेब?"

"कसला सल्ला?"

"मंत्रिमंडळाचा. मनानं चहा मागता येत नाही तुम्हाला. लाटसाहेबाचे दिवस गेले आता."

साहेब दुपारपर्यंत बिनचहाचे बसले. मामांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो सटवाराव, सल्ला राज्यकारभाराला लागतो, चहाला नाही! साहेबांच्या तोंडून शब्द निघाला की तो झालाच पाहिजे. विचारत बसायचं नाही."

"कळलं, मामा."

दोन दिवसांनी साहेब दिवाणखान्यात भाषणाचा सराव करत होते. निवडणुकीनंतरचं विधानमंडळाचं पहिलं अधिवेशन राज्यपालांच्या भाषणानं सुरू होतं ना, तेच भाषण. साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "माझे शासन प्रत्येक घरी पाणी पोहोचवील."

शब्द निघाला. सटवानं विचारलं नाही. दोन बादल्या उचलल्या आणि धूम ठोकली. आधी माळ्याचं घर, मग ड्रायव्हरचं, मग स्वयंपाक्याचं. राजभवनातली घरं संपली तसा तो फाटकाबाहेर वस्तीत शिरला. संध्याकाळी परदेशी पाहुणे जेवायला आले, तर राजभवनाच्या टाकीत थेंब नव्हता. वस्तीतल्या बायका मात्र म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भाषणातलं पाणी घरात आलं गं बाई!"

मामांचा आवाज चढला. "सटव्या, ते भाषण सरकार लिहून देतं! साहेब नुसतं वाचतात. साहेब वाचत असले की जागचं हलायचं नाही. काही झालं तरी!"

"कळलं, मामा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब बागेत वर्तमानपत्र वाचत बसले. राजभवन टेकडीवर, आणि टेकडीवर माकडं फार. एक माकड आलं, त्यानं साहेबांच्या नाकावरचा चष्मा काढला आणि आपल्या नाकावर ठेवून पाहिला.

"सटवा, धर त्याला!" साहेब ओरडले.

साहेबांच्या हातात वर्तमानपत्र होतं. सटवा खांबासारखा उभा राहिला. माकड चष्मा घेऊन वडावर गेलं आणि तिथून शेजारच्या डोंगरावर.

मामा धावत आले. आता त्यांच्या तोंडात जावईही नव्हता आणि सटवाही नव्हता. "अरे गाढवा! उद्या नव्या मंत्र्यांचा शपथविधी! नवा चष्मा यायला परवा उजाडेल. साहेबांना हातभर अंतरावरचं दिसत नाही. आता तूच निस्तर. उद्या साहेबांचा हात धरून मंचावर उभा राहा. ते कुठं अडले तर पुढचं तू पुरं कर. त्यांना अर्ध्यावर लटकवायचं नाही. यात चुकलास तर दिवाळी विसर आणि धुरपाही विसर!"

धुरपाचं नाव निघालं तसे सटवानं दोन्ही कान पकडले. "नाही चुकणार, मामा."

साहेबांना दिसत नव्हतं, म्हणून कारकुनानं संध्याकाळी त्यांना शपथ पुन्हा पुन्हा वाचून दाखवली. एक पदाची, एक गोपनीयतेची. "आणि या जागी, साहेब, घेणाऱ्यानं आपलं नाव घालायचं." सटवा दाराशी उभा होता. त्याला सगळं पाठ झालं.

दुसऱ्या दिवशी हिरवळीवर मांडव गच्च भरला. कितीतरी वर्षं मंत्रिपदाची वाट पाहणारे खंडेराव माईकसमोर आले. गर्दीत धुरपाही होती. उद्या दिवाळी, म्हणून ती पिशवी घेऊनच आली होती.

शपथविधीची रीत अशी, की राज्यपालांनी "मी" एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. पुढचं सगळं मंत्र्यानं म्हणायचं. ही रीत सटवाला कुणी सांगितली नव्हती.

साहेब म्हणाले, "मी..." आणि थांबले.

खंडेरावांचा फेटा कानावर आला होता. ते तो सावरू लागले.

साहेब अडले! सटवानं माईक ओढला. "मी, सटवा धोंडू गुरव, ईश्वरसाक्ष शपथ घेतो की..." आणि एकही शब्द न चुकता त्यानं पहिली शपथ पुरी केली. मांडवातले लोक एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात त्यानं दुसरीही उरकली. "मंत्री म्हणून मला जे कळेल ते मी कोणाही व्यक्तीला सांगणार नाही."

साहेबांना दिसत नव्हतं, आणि माईकच्या घरघरीत नावही कळलं नव्हतं. त्यांनी सटवाचा हात हातात घेतला. "अभिनंदन, खंडेराव! आवाज छान आहे तुमचा."

मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. खंडेराव फेटा धरून खुर्चीत बसले.

मग एकच गोंधळ उडाला. सटवाला खाली ओढलं, खंडेरावांना पाणी पाजलं आणि त्यांची शपथ नव्यानं झाली. समारंभ आटोपल्यावर साहेबांना खरा प्रकार कळला. मामा हात जोडून उभे होते. साहेब पोट धरून हसले.

"इतकं शुद्ध पाठांतर मंत्र्यांचंही नसतं," ते म्हणाले. "नोकरी राहू द्या त्याची. फक्त बागेत ठेवा, माईकपासून लांब."

मामांनी देवाला हात जोडले. सटवा उड्या मारत फाटकाशी गेला. तिथं धुरपा पिशवी घेऊन उभी होती. डोळे पुसत होती.

"अहो, काय करून बसलात हे! नोकरी राहिली का गेली?"

सटवाचं तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

"बोला की! साहेब काय म्हणाले?"

"ते सांगता येणार नाही."

"मला? बायकोला?"

"कोणाही व्यक्तीला," सटवा म्हणाला. "शपथ घेतलीय."

धुरपानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पिशवी खांद्याला लावली आणि समोर उभ्या असलेल्या एस.टी.त चढली. मामा "अगं थांब, राहिली नोकरी, राहिली!" असं ओरडत अनवाणी गाडीमागं धावले. सटवा त्यांच्याही मागं धावला आणि धापा टाकत त्यानं मामांचं तोंड दाबलं.

"मामा, हळू! ती गोपनीय बाब आहे!"