रुपयाचं भावंड

“म्हणजे चूक ठशाची आहे, असं तुझं म्हणणं?” निर्मळगिरींनी भिंग डोळ्याला लावत विचारलं.

“ठशाचीच, महाराज. खात्रीनं सांगतो.”

अच्युत केळुसकरांना कशाची खात्री नाही, असं कधी झालंच नव्हतं. जुन्या नाण्यांवर बोलायला लागले की ते समोरच्याला श्वास घेऊ देत नसत. आज मात्र त्यांचाच श्वास अडकला होता. उद्या नाण्यांचं प्रदर्शन उघडणार होतं. त्यांचा हा संस्थानी रुपया मधल्या काचेच्या कपाटात बसायचा की नाही, हे या म्हाताऱ्या गोसाव्याच्या शब्दावर होतं. घरदार सोडण्याआधी त्यानं सराफी केली होती, आणि नाणं कसं बघायचं ते केळुसकर त्याच्याच मठात शिकले होते.

रुपयावर कट्यार होती. तिला छेदून एक बारीक रेघ उठली होती. टाकसाळीतला ठसा तडकला, तड्यात चांदी शिरली, म्हणून ही रेघ. केळुसकरांनी एका दमात सांगून टाकलं.

निर्मळगिरींनी रेघेवरून नख फिरवलं.

“उठलीय खरी. पण अशी रेघ सोनारही उठवून देतो.”

“सोनाराची नाही, महाराज.”

“मग याचं भावंड दाखव. ठसा तडकला, तर पुढच्या प्रत्येक नाण्यावर हीच रेघ, याच जागी. ठसा एकदाच चुकून थांबत नाही.”

“दुसरं नाही. जगात हे एकच आहे.” हे वाक्य केळुसकरांनी प्रदर्शनासाठी घोकून ठेवलं होतं. इथं ते म्हणताना जीभ अडखळली.

“एकच असेल, तर सोनाराचं.” म्हाताऱ्यानं रुपया खाली ठेवला.

“नाही... होतं एक.”

मग लपवण्यात अर्थ उरला नाही. गेल्या दिवाळीत त्यांना बाजारात तसाच रुपया दिसला होता. तीच कट्यार, तीच रेघ. आपला रुपया एकमेव राहावा म्हणून त्यांनी तो विकत घेतला आणि सराफाकडून डोळ्यांदेखत आटवून घेतला. हे सांगताना त्यांचा उजवा हात आपोआप मांडीखाली गेला.

“हात दे.”

केळुसकरांनी हात पुढे केला. बोटात त्याच चांदीची जाड अंगठी होती. निर्मळगिरींनी ती काढून घेतली, भिंगाखाली धरली आणि फिरवून फिरवून बघत राहिले. तिथून उठून पळून जावं, असं केळुसकरांना वाटलं. एवढी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती. अंगठी गुळगुळीत होती, तिच्यावर काहीच नव्हतं.

“महाराज... मधल्या कपाटात मी काय ठेवू?”

म्हाताऱ्यानं अंगठी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली.

“ही ठेव. जगात एकच आहे.”