पाहून ये

एकदा एक वृद्ध गृहस्थ एका जुन्या नगरातले वस्तुसंग्रहालय सांभाळत असत. संग्रहालय लहानच होते. काही दगडी मूर्ती, मिरवणुकीचे एक लांबलचक चित्र, थोडी गंजलेली शस्त्रे, आणि या सर्वांहून अधिक संख्येने फलक : ‘फक्त पाहावे, हात लावू नये.’ फलक त्यांच्या शिष्याने रंगवले होते. शिष्य विद्वान होता. शिल्पशास्त्राचे ग्रंथ त्याला मुखोद्गत होते, आणि ते तसे आहेत हे समोरच्याला पुरते कळेपर्यंत तो थांबत नसे.

गुरूंचे वय झाले होते. त्यांच्यानंतर किल्ल्यांचा जुडगा आपल्या हाती यावा, एवढीच शिष्याची इच्छा. त्यापायी त्याने एक बरी नोकरी सोडली होती आणि ‘दगड राखायला का मुलगी दिली?’ हे सासऱ्यांचे वाक्य वर्षानुवर्षे प्रसादासारखे स्वीकारले होते. पण गुरूंनी त्याचे नाव घेतले नाही, तर जुडगा संग्रहालयाचे अध्यक्ष असलेल्या शेठजींच्या मेहुण्याकडे जाणार होता. शेठजींचा कापडाचा मोठा व्यापार होता आणि मेहुणा रिकामा होता. एवढी पात्रता अनेक संस्थांना पुरते.

एके दिवशी शिष्याने धीर करून विषय काढला. गुरू म्हणाले, “मधल्या दालनातली मूर्ती पाहून ये. पाहिलीस की किल्ल्या तुझ्या.”

शिष्याला हसू आले. तो गेला आणि लगेच परत आला. “पाहिली, गुरुजी. काळा पाषाण. स्त्रीमूर्ती, त्रिभंग अवस्थेत, म्हणजे देह तीन ठिकाणी वळलेला. उजवा हात कोपरापासून भग्न. मुख मागे वळलेले.”

“बरं. आता पाहून ये.”

शिष्य टेप घेऊन गेला आणि मूर्तीची उंची, रुंदी, पैंजणाची जाडी मोजून आला. गुरूंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. “छान. पाहून ये.”

मग तो मूर्तीसमोर स्टूल टाकून बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत टक लावून राहिला. “गुरुजी, डोळे चुरचुरायला लागले!”

“डॉक्टरांना दाखव,” गुरू म्हणाले, “आणि मग पाहून ये.”

शिष्य गोंधळून गेला. मूर्तीत काही लपले आहे की गुरूंच्या डोक्यात काही सरकले आहे, हे त्याला ठरवता येईना. बायकोने विचारले, तेव्हा तो म्हणाला, “पाहतोय.” यावर ती म्हणाली, “पाहताच राहा.”

शेठजी निर्णयासाठी येणार होते, त्या दिवशी सकाळी शिष्य संग्रहालयात आला आणि दारातच थिजला. मूर्तींभोवतीचे दोर सोडलेले होते आणि आत मुलेच मुले होती. शेजारच्या शाळेतली ती सगळी पलटण गुरूंनी स्वतः आणली होती. एक मुलगा डोळे मिटून मधल्या दालनातल्या काळ्या मूर्तीच्या पायावरून बोट फिरवत होता. “अरे, इथे दोरा आहे!”

“दोरा काय, पैंजण आहे ते,” दुसरा म्हणाला. “डोळे उघड.”

“आजोबा म्हणालेत उघडायचे नाहीत.”

एका मुलीने मूर्तीच्या गुडघ्याला गाल लावला होता. “गार आहे ही!” ती सर्वांना सांगत होती. पलीकडे मिरवणुकीच्या चित्रासमोर मुलांची एक रांग हात पाठीमागे बांधून चालत होती. चित्रातले लोक चालतात तसे चालायचे, असे ठरले होते. तिघे मिळून हत्ती झाले होते, आणि शेपूट कोणी व्हायचे यावरून भांडण पेटले होते.

“गुरुजी!” शिष्याचा आवाज चिरकला. “फलकावर स्पष्ट लिहिलंय, फक्त पाहावे!”

“मग पाहताहेत की,” गुरू म्हणाले.

“हे पाहणं? थोड्या वेळात शेठजी येतील!”

“येऊ देत. त्यांनाही जागा आहे.”

तेवढ्यात एक मुलगा चौथऱ्यावर पाय ठेवताना दिसला. शिष्य “ए, खाली उतर!” असे ओरडत त्याच्याकडे धावला. वाटेत छबी नावाची एक मुलगी उभी होती, तिला त्याचा धक्का लागला. ती संतापून किंचाळली, “स्टॅच्यू!”

आणि शिष्य जागच्या जागी थांबला.

का थांबला, हे त्यालाही सांगता आले नसते. पाठ केलेले ग्रंथ माणूस विसरतो. लहानपणी गल्लीत खेळलेला हा खेळ अंगातून जात नाही. समोरच्याने ‘स्टॅच्यू’ म्हटले की असेल तसे थिजायचे आणि तो ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत हलायचे नाही. शिष्याचा एक पाय पुढे टेकला होता, मागची टाच उचललेली होती, कंबर एकीकडे गेली होती आणि छबीकडे पाहायला वळलेली मान तशीच राहिली होती. छबी मात्र शेपटाच्या भांडणात न्याय द्यायला निघून गेली.

शेठजी आत आले ते याच वेळी.

त्यांनी मुलांकडे पाहिले, मग शिष्याकडे. “हे काय?”

“नवीन मूर्ती,” गुरू म्हणाले. “दान आलीय.”

“थट्टा पुरे. पोरं मूर्तींना हात लावताहेत. मूर्ती झिजतील!”

“सगळ्यांचे हात धुऊन आणलेत. ही काळी मूर्ती देवळात होती तेव्हा हिच्यावर शेकडो वर्षं तेलपाणी झालंय, शेठजी, तेवढ्यानं ती रुसायची नाही. चित्राला हात सोसणार नाही, म्हणून तिथे हात मागे आणि नुसते पाय.” गुरूंनी विचारले, “आपल्या दुकानात गिऱ्हाईक कापड कसं पाहतं?”

“बोटांत धरून पाहतं. अंगावर टाकून पाहतं. त्यात काय?”

“त्यातच सगळं आहे. आपण आमटी चाखून पाहतो, ओझं उचलून पाहतो. पोर तापलं तर कपाळाला हात लावून पाहतो. आपल्या भाषेत पाहण्याचं काम एकट्या डोळ्यांना कुणी दिलेलंच नाही. हा माझा शिष्य विद्वान आहे. मी पाहून ये म्हटलं, तर हा वाचून आला, मोजून आला. त्याचं माप खोटं नाही. पण ज्या कल्पनेनं ही मूर्ती घडवून घेतली, ती कुणाच्या तरी अंगात आधी उभी राहिली होती, मग दगडात. अंगातली गोष्ट अंगानंच पाहावी लागते. मुलांना हे शिकवावं लागत नाही. याला आज पहिल्यांदा जमतंय. हा होऊन पाहतोय.”

“मला तर हा लंगडताना दिसतोय,” शेठजी म्हणाले.

शिष्य सगळे ऐकत होता. उत्तर देण्याची सोय नव्हती. पोटरी थरथरू लागली होती, कंबरेतून कळ निघत होती. मान वळलेली असल्यामुळे नजर नेमकी त्या काळ्या मूर्तीवर पडत होती. तिच्या उचललेल्या टाचेवर, ताणलेल्या पोटरीवर. ती पोटरी त्याने टेपने मोजली होती. ती ताणलेली आहे हे त्याला आता कळले, कारण त्याची स्वतःची तशीच ताणली होती. ही बाई उभी नाही, त्याच्या मनात आले. ही निघाली होती.

हत्तीचा प्रश्न मिटवून छबी परतली आणि त्याच्याकडे पाहून चकित झाली. “अगंबाई, काका अजून तसेच? ओव्हर, काका, ओव्हर!”

शिष्याची टाच खाली आली. ‘काका’ हा शब्दही त्याला या वेळी झोंबला नाही.

“पाहिलीस?” गुरूंनी विचारले.

“माहीत नाही, गुरुजी. काल मला हिच्याबद्दल सगळं ठाऊक होतं. आता काहीच कळत नाहीये. ही जात होती कुठे? मागे कुणी हाक मारली? थांबली ती रागानं, की जायचंच नव्हतं हिला?”

गुरूंनी जुडगा त्याच्या हातात ठेवला. शेठजींनी घसा साफ केला. “आमच्या मेहुण्याचंही नाव होतं...”

“ते एवढा वेळ असे उभे राहिले असते का, शेठजी?” गुरू म्हणाले.

शेठजींनी प्रामाणिकपणे विचार केला. “उभं राहण्याची त्याला सवय नाही,” ते म्हणाले, आणि विषय संपला.

छबी मात्र मूर्तीकडे पाहत होती. “आजोबा, हिला पण कुणीतरी स्टॅच्यू म्हटलंय. आणि तो विसरून घरी गेलाय.” कोणी काही बोलण्याआधी ती चौथऱ्याजवळ गेली, टाचा उंचावल्या आणि शक्य तितक्या वर तोंड नेऊन हळूच म्हणाली, “ओव्हर.”

दालन शांत झाले. मुले थांबली, हत्ती थांबला. शेठजी पुढे वाकले. शिष्याने श्वास रोखून त्या दगडी टाचेकडे पाहिले.

दगडाची टाच खाली येत नाही, हे आपणा सुशिक्षितांना माहीत आहेच. पण ती आता येईल की काय, असे ज्याला क्षणभरही वाटले नाही, त्याने मूर्ती पाहिली असे घरी जाऊन सांगू नये.