रानबाच्या दगडाची खालची चौकट

एका राज्यात एक दगड होता आणि त्या दगडाला सगळे भीत. त्याला शेंदूर लावीत, नारळ फोडीत, पण पाठ फिरवून त्याच्यापुढून कोणी जात नसे. चार पावले मागे सरकायचे, मग वळायचे. ज्याला माणसे पाठ दाखवत नाहीत त्याच्यावर त्यांचा फारसा विश्वास नसतो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पण हे त्या राज्यात कोणी बोलत नसे.

तो दगड म्हणजे वीरगळ. लढताना पडलेल्या माणसाच्या नावाने असा कोरीव दगड उभा करायची त्या मुलखाची चाल होती. याच्यावर दोन चौकटी. एकीत अप्सरा एका पुरुषाला हातांवर झेलून आभाळात नेताहेत. तिच्यावरच्या चौकटीत तोच पुरुष महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसला आहे, आणि अगदी माथ्यावर चंद्रसूर्य. लोक त्याला रानदेव म्हणत. रानदेव एका उंच चौथऱ्यावर उभा, चौथऱ्याच्या पोटात भुयार, आणि भुयारात सोने. त्या सोन्याला जो हात लावी, तो पायापासून वर दगड होत जाई. असे तीन जण आत उभे होते. तिघांचीही तोंडे उघडी होती.

वीरगळाच्या माथ्यावर एक म्हातारी साळुंकी बसे. ती बोले. आत कोणी अडकला की म्हणे, "या सोन्याच्या धन्याची गोष्ट सांगा. रोज दुपारी एक, अशा तीन ऐकेन. खरी निघाली तर शाप सुटेल." आधीच्या तिघांसाठी नऊ गोष्टी सांगून झाल्या होत्या. नऊही फुकट गेल्या.

एवढे ठाऊक असून राजा शूरचंद्राला ते सोने हवे झाले. त्याने आपला मांत्रिक कालनेत्र याला विचारले. हा कालनेत्र राजाच्या आजोबांच्या काळापासून दरबारी होता आणि तेव्हापासून त्याचा एक केस पिकला नव्हता. तो म्हणाला, "महाराज, ते सोने असू द्यावे."

"का?"

"असू द्यावे, एवढेच."

राजाच्या मनात आले, हा कारण न सांगता नको म्हणतो आहे, म्हणजे याला स्वतःला ते हवे असणार. त्याने त्याच दिवशी चौथा माणूस भुयारात पाठवला. तो चौथा माणूस होता भिवा पाथरवट.

भिवाला आई नव्हती, बाप नव्हता. होती ती थोरली बहीण राही. दोन वर्षांच्या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवले होते, आणि आजोबांकडून छिन्नी धरायला शिकून, दगड घडवून त्याला पोसले होते. निरोप आला तेव्हा ती पाट्याला छिन्नीने टाके घालीत होती. हातोडा तिथेच पडला. ती धावत भुयारात उतरली. भिवा गुडघ्यापर्यंत दगड झाला होता.

"आक्का, पायात काही कळंना गं," भिवा म्हणाला.

"दुखतंय का?"

"न्हाई. पर हे बघ. हे खजिन्याचं सोनं न्हाई. हे बायांच्या अंगावरचं हाय. सऱ्या, वाक्या, पोरीबाळींचे वाळे."

राहीने पाहिले. वाळे खरेच लहान होते. राजाच्या खजिन्यात कोणी तान्ह्या मुलीचे वाळे ठेवत नाही. तिला हे खटकले, पण तेव्हा तिला फक्त भाऊ दिसत होता.

पहिल्या दुपारी देवळाचे गुरव आले. सारे गाव जमले, राजा छत्राखाली बसला. गुरवांनी गोष्ट सांगितली ती अशी. पृथ्वी अजून ओली होती, दिशा ठरल्या नव्हत्या, तेव्हा महादेवाच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला. त्या थेंबातून रानदेव जन्मला. त्याने गाईंना शिंगे दिली, रानाला वाटा दिल्या, आणि काम संपल्यावर तो या दगडात जाऊन राहिला. गुरवांचा आवाज भारदस्त होता. लोकांनी हात जोडले, राहीनेही जोडले. गोष्ट संपली आणि भुयारातून भिवाची हाक आली. दगडपण कमरेपर्यंत चढले होते.

साळुंकी म्हणाली, "चांगली आहे. ही त्याची नव्हे."

दुसऱ्या दुपारी राजवाड्यातली दाई आली. राजपुत्रांच्या तीन पिढ्या तिच्या गोष्टींवर झोपल्या होत्या. तिने सांगितले, एक होता राजपुत्र. सात डोंगरांपलीकडे एक राक्षस, राक्षसाचा जीव भुंग्यात, भुंगा कमळात. राजपुत्राने भुंगा पकडला, राक्षस मेला, अप्सरेने राजपुत्राला वरमाळा घातली आणि सोन्याचा डोंगर आंदण दिला. काय सांगावे, राजासुद्धा पुढे वाकून ऐकत होता. लोक मध्ये मध्ये हूं हूं करीत होते. दगडपण भिवाच्या छातीला भिडले.

"आक्का," तो दम लागत म्हणाला, "गोष्ट मातुर गोड हुती."

वर येऊन राही चौथऱ्याच्या पायरीवर बसली आणि रडली. उद्या तिसरी दुपार. दगड गळ्याशी, मग तोंडाशी, आणि भुयारात चौथे उघडे तोंड.

रडून झाल्यावर मात्र तिला शंका येऊ लागल्या, आणि एकीमागून एक येतच राहिल्या. गुरवांनी एवढे सांगितले, त्यांना कोणी काही विचारले का? नाही. देवाच्या गोष्टीत विचारायचे नसते. दाईला कोणी विचारले का? तिलाही नाही. सात डोंगर कुठले, हे कोण विचारतो? पण गावात कोणाची भिंत पडली, कोणाची म्हैस हरवली, तर दहा जण सांगणाऱ्याचा पदर धरतात. कुठली भिंत? कोण होतं तिथं? तू बघितलंस का, का ऐकलंस? मग हा दगड तर त्याच गावात, त्याच रस्त्यावर उभा. याच्याविषयी आजवर कोणीच कसे काही विचारले नाही? आणि मी तरी का नाही विचारले?

तिने मान वर केली. लहानपणापासून ती त्या दगडाला देव म्हणून पाहत आली होती. आज पहिल्यांदा तिने त्याच्याकडे काम म्हणून पाहिले.

वीरगळ खालून वर कोरतात. पाथरवटाच्या पोराला हे चालायच्या आधी कळते. सर्वांत खाली माणूस कसा पडला ते, मग अप्सरा, मग देव. मरणच नसेल तर अप्सरा कशाला येतील? या दगडाला खालची चौकट नव्हती. आणि चौथऱ्याचा दगड वेगळ्या खाणीचा होता, वीरगळानंतर कधीतरी बसवलेला.

दुसरे दिवशी सकाळीच ती राजापुढे उभी राहिली. "महाराज, चौथरा फोडायची परवानगी द्यावी."

राजाच्या आधी कालनेत्र बोलला. "देवाचा पाया उकरणे महापाप आहे."

राजाने त्याच्याकडे तिरकी नजर टाकली. "तुला एवढी घाई का झाली?" मग राहीला म्हणाला, "फोड."

राहीने एकटीने चौथरा फोडला. पहिला थर निघाला, दुसरा निघाला, तिसऱ्याखाली मातीत गाडलेली चौकट निघाली. तिने पदराने माती पुसली. चौकटीत गाई होत्या. गाईंमध्ये एक माणूस पालथा पडला होता आणि भाला त्याच्या पाठीत होता. समोरून लढणाऱ्याच्या पाठीत भाला कसा येईल? त्याच्यामागे एक घोडेस्वार. स्वाराच्या डोक्यावर छत्र. स्वाराचे तोंड तासून काढलेले. खाली अक्षरांची एक ओळ: रानबा गवळी, गावच्या बायांची लेणी राखताना, याच जागी.

रानदेव नव्हताच. रानबा होता, गवळी होता. त्याला नाव होते आणि पडायला एक जागा होती.

राहीने तासलेल्या तोंडावरून बोट फिरवले, आणि ते बोट थांबले. छिन्नीचे तीन आखूड टाके आणि चौथा तिरपा. असे तासणारा हात त्या राज्यात एकच होता. त्या हाताने तिला छिन्नी धरायला शिकवले होते. तिचा आजा सुभाना. रानदेवापुढे नारळ फोडताना डोळे मिटून घेणारा. लोक म्हणत, केवढी भक्ती! आणि नदीकाठचा तो मळा. आज्याच्या कलेवर खूश होऊन राजाच्या आजोबांनी, वज्रचंद्र महाराजांनी, इनाम दिला, असे तिने भिवाला कितीदा अभिमानाने सांगितले होते. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती तिथेच मातीत बसली.

कालनेत्र शेजारी येऊन उभा राहिला. त्याचा आवाज फार मऊ होता. "तोंड गेलेच आहे, बाई. ते नदीपलीकडच्या शत्रूचे होते म्हण. गाव मानेल, राजा मानेल. तुझा मळा राहील, आज्याचे नाव राहील."

"आणि पाखरू?"

"पाखरूच ते. त्याला काय कळते?"

राहीने त्याच्याकडे पाहिले. नऊ गोष्टी त्या पाखराने परत केल्या होत्या. मग हा हे का म्हणतो आहे? भाऊ दगड झाला तर याचे काय जाते? आणि ही चौकट उजेडात आली तर काय जाते?

दुपार झाली. गाव जमले. साळुंकी म्हणाली, "तिसरी."

राही उभी राहिली. "ही गोष्ट याच जागेची. इथं रानबा नावाचा गवळी व्हता. दंगाधोप्याचे दिस असतील; बायांनी आपली लेणी, अंगावरचं सोनं, त्याच्यापाशी ठेवली. ती न्यायला कोणी तरी घोड्यावर आलं. रानबानं दिली न्हाईत. त्याच्या पाठीत भाला बसला."

"कोणाचा घोडा?" राजाने विचारले.

"महाराज, छत्र आपल्या घराण्याचं हाय. तोंड तासलंय. ते कोणाचं, मी पाहिलं न्हाई, म्हणून मी सांगणार न्हाई. तासलं कोणी, ते सांगते. माझ्या आज्यानं. सुभाना पाथरवटानं. भ्याला, का मळ्याला भुलला, मला ठावं न्हाई. तो मळा आम्ही आजवर खातोय."

लोकांत कालवा झाला. हात कोणी जोडले नाहीत, हूं कोणी म्हटले नाही. एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. "कशावरनं गं?"

"हे बघा, आजी. बोट लावा हितं."

म्हातारी वाकली. मग दुसरा वाकला, तिसरा वाकला. एक म्हणाला खोटे आहे, दुसरा म्हणाला माझी आजी सरी गेल्याचे रडून सांगायची, तिसऱ्याने त्याला विचारले, कुठली सरी? जो तो बोलू लागला. आत भिवाच्या छातीवरच्या दगडाला बारीक तडे गेले, पण दगड सुटला नाही.

"गोष्ट अर्धी आहे," साळुंकी म्हणाली.

"मी बघितलं तेवढं सांगितलं," राही म्हणाली. "बाकीचं ज्यानं बघितलं त्यानं सांगावं." आणि ती कालनेत्राकडे वळली. गाव वळले. राजाही वळला.

"तू त्या वेळी दरबारात होतास," राजा म्हणाला.

कालनेत्राने इकडेतिकडे पाहिले. सगळ्या नजरा त्याच्यावर होत्या आणि एकीतही विश्वास नव्हता. "होतो," तो म्हणाला. "सल्ला माझा. माणूस मेला की लोक विचारतात, कोणी मारला. देव झाला की नारळ आणतात. म्हणून मी त्याला देव केला. ज्याला हात लावता येईना ते सोने आतच सोडून वरून चौथरा बांधवला. पोराबाळांसाठी राक्षसाची गोष्टही मीच पसरवली."

"आणि भाला?"

"आपल्या आजोबांचा, महाराज."

हे बोलता बोलता त्याचे केस पांढरे झाले, दात पडले, पाठ वाकली. इतक्या वर्षांचे म्हातारपण त्याच्या अंगावर एकदम येऊन पडले.

भुयारात दगड फुटल्याचा आवाज झाला. भिवा धडपडत वर आला आणि बहिणीच्या गळ्यात पडला. त्याच्यामागून आधीचे तिघे आले आणि त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितले. साळुंकी उडाली ती पुन्हा त्या राज्यात कोणाला दिसली नाही.

सोने ज्यांचे त्यांच्या घरी गेले. कोणती सरी कोणाची यावरून आठ दिवस भांडणे झाली, पण ती नेहमीसारखी भांडणे होती. राहीने मळा गावच्या गाईंना सोडला. त्यावरून भिवा दोन दिवस फुगून बसला आणि तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर कामाला गेला.

मग एका सकाळी राजा एकटाच त्या दगडापाशी आला. राही तिथे शेंदूर खरवडत होती.

"बाई, ते तोंड पुन्हा कोर," राजा म्हणाला. "मी आजोबांसारखा दिसतो असे सगळे म्हणतात. मी इथे बसतो. माझ्याकडे बघून कोर."

राहीने त्याच्याकडे पाहिले. हे बोलायला त्याला किती जड गेले असेल ते तिला कळले आणि तिला त्याची माया आली.

"नको, महाराज," ती म्हणाली. "तोंड कोरलं तर माझ्या आज्याचे टाके जातील. असंच राहू द्या. येणारा विचारील, याला तोंड का न्हाई. मग आपुन सांगू."

"आणि कोणी विचारलेच नाही तर?"

"तर चौथरा परत बांधून काढा."

राजा उठला, त्या दगडाला सरळ पाठ दाखवून घोड्यावर बसला आणि गेला. चौथरा अजून बांधलेला नाही, असे सांगतात.