रायभानचं भस्म

"याले उन्हाळा म्हणता, बाबा?"

रायभान खदाखदा हसला. वैशाख होता खरा, पण आभाळ भरून आलं होतं, सूर्याचा पत्ता नव्हता. खाडीकाठच्या दर्ग्यापाशी, झाडाच्या दाट सावलीत म्हातारे फकीर दाऊदशा जाळं विणत बसले होते.

"आमच्या अकोल्याले या एकडाव. भर दुपारी उघड्या खडकावर बसतो मी. थेंबभर घाम येत नाही. उलट अंगातून भस्म निघते. पांढरं! लोक पाया पडतात."

"असं?"

"हाव."

रायभानचे गुरू वारले होते आणि मठाची गादी रिकामी होती. गावानं अट घातली होती. गुरूंचे जुने स्नेही दाऊदशा यांनी म्हणावं, याने देह जिंकला. मग खुशाल गादीवर बसावं. त्या एका शब्दासाठी तो एवढा लांब आला होता.

"बस इथं," फकीर म्हणाले. "येईल तो घाम अंगावरच सुकला, की तुला हवा तो शब्द देतो."

"सावलीत?"

"सावलीतच."

रायभाननं हसत सदरा काढला आणि मांडी घातली.

आधी कपाळ ओलं झालं. मग मान, मग पाठ. त्यानं पुसलं. पुन्हा आलं. खाडीवरून वारा येत होता, अंगाला लागत होता, आणि घाम होता तिथंच ठेवून पुढं जात होता. धोतर भिजलं. श्वास जड झाला. डोळ्यांपुढं जाळ्याची भोकं हलायला लागली.

"बाबा... ऊन नाही, काही नाही. मंग हे काय होऊन राह्यलं मले?"

"आधी पाणी पी."

तो घटाघटा प्यायला.

"या वाऱ्याच्या ओंजळीत आधीच समुद्र आहे रे," फकीर म्हणाले. "तुझा थेंब कुठं ठेवील तो?"

"पण तिकडं तर मले घामच..."

फकिरांनी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि त्याच्या ओठांना लावलं.

"कसं लागतं?"

"खारट."

"आणि तुझं भस्म?"

रायभानची जीभ ओठांवरच थांबली. लोकांना प्रसाद वाटताना त्यानंही ते कधीतरी जिभेवर ठेवलं होतं...

त्याला तो खडक दिसला. तो कोरडा, भाजून काढणारा वारा दिसला, ज्याला तो रोज मनातून शिव्या घालायचा. तोच वारा त्याचा थेंब न थेंब कातडीवर दिसायच्या आत उचलून नेत होता. त्याला जगवत होता. मागं मीठ तेवढं राहत होतं.

एवढं मोठं माळरान ओलांडून यायचा तो वारा... एका माणसाची पाठ पुसायला.

त्या उकाड्यात रायभानच्या अंगावर काटा आला.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "म्या तर काहीच जिंकलं नाही. आता गादीवर कोण बसन?"

"तूच बस."

"मी?"

फकिरांनी जाळ्याची गाठ आवळली.

"हो... फक्त दुपारच्या त्या वाऱ्याला दार लावून घेऊ नकोस."