भिवाची अर्धी प्रदक्षिणा

एका गावात भिवा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती, तर लहानपणी कोणीतरी त्याला महादेवाच्या देवळात "नंदीपाशी थांब" म्हणालं, आणि "आता आत ये" म्हणायचं राहून गेलं. तेव्हापासून तो नंदीच्या पुढे कधी गेलाच नाही. मोटरसायकल मात्र झकास चालवायचा.

त्या देवळाचे गुरव म्हणजे आप्पा. दूर कंबोडियात, ऐन जंगलात, महादेवाचं हजार वर्षांपूर्वीचं पडकं देऊळ आहे असं त्यांच्या कानावर आलं आणि त्यांची झोपच उडाली. "मरायच्या आधी त्या पिंडीवर एकदा डोकं टेकवीन," एवढंच ते बोलायचे. शेवटी लेकीनं विमानाची तिकिटं काढून दिली. तिकिटं इतकी स्वस्तातली की देवळांसाठी हाताशी एकच दिवस. त्याच रात्री परतीचं विमान. आप्पांचे गुडघे गेलेले आणि जंगलातली वाट मोटरसायकलीपुरती, म्हणून सोबत भिवा.

सकाळी भाड्याची गाडी घेतली. आप्पा मागे बसले.

"भिवा, नजर म्होरं ठेव. मागं वळून बघायचं न्हाई."

"बरं, आप्पा."

वाटेत म्हशी आडव्या आल्या. भिवा थांबला. आप्पा पाय मोकळे करायला खाली उतरले. म्हशी गेल्या, भिवाही गेला. मागे बघायचं नव्हतंच. "आप्पा, झाडं केवढी थोराड न्हाई का?" तो विचारत राहिला. आप्पा बोलत नाहीत म्हणजे रुसले असतील, म्हणून त्याने गाडी आणखी सावकाश घेतली. एका गावकऱ्याने आप्पांना आपल्या गाडीवरून आणून पोचवलं म्हणून बरं.

"अरे, माणूस उतरला की थांबायचं," आप्पा धापा टाकत म्हणाले. "त्यो वर बसल्याबिगर हलायचं न्हाई."

"आधी सांगायचं की, आप्पा."

पुढे एका मोठ्या देवळाची वाट लागली. दोन्ही बाजूंना दगडी देवांची रांग, सगळ्यांनी मिळून एक लांबलचक नाग धरलेला. त्यातला एक देव निसटून गवतात पडला होता. भिवाने गाडी बंद केली. ऊन चढायला लागलं.

"का थांबलास रं?"

"माणूस उतरलाय, आप्पा. वर बसंना झालाय."

"दगडाचा हाय त्यो. शेकडो वर्सं हितंच पडलाय."

"एवढा वेळ झालाय तर मंग बसंल आता."

आप्पांनी कपाळाला हात लावला. "असा कुणी गप दिसला तर थांबायचं न्हाई. दोन्ही हात जोडायचे आन् म्होरं जायचं."

"आधी सांगायचं की, आप्पा."

देवळाच्या दारात पहारेकरी खुर्चीवर बसून पेंगत होता. अगदी गप. भिवा थांबला नाही. त्याने दोन्ही हात जोडले. गाडीचं हँडल धरायला तिसरा हात नव्हता. गाडी पहारेकऱ्याला वळसा घालून सरळ कमळांच्या तळ्यात शिरली. पहारेकरी बिचारा भला निघाला. त्याने आधी आप्पांना काढलं, मग गाडी काढली आणि शेवटी अजून हात जोडून उभ्या असलेल्या भिवाला काढलं.

आत महादेवाचीच एक लहानशी घुमटी होती. ती बघून आप्पा ओले कपडे विसरले. तिथे नंदी नव्हता, म्हणून भिवाही प्रदक्षिणेला निघाला आणि अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडणार, एवढ्यात आप्पांनी त्याचा दंड धरला.

"महादेवाला पुरी प्रदक्षिणा नसती. पिंडीवरनं पाणी वाहत येतं, ती वाट ओलांडायची न्हाई. तिथनं माघारी फिरायचं, निघालो तिथवर यायचं. मंग दुसऱ्या अंगानं पुन्यांदा पाण्यापतूर जायचं."

"आधी सांगायचं की, आप्पा."

आता राहिलं ते जंगलातलं देऊळ. वाटेवर तांबडी धूळ उसळत होती. आप्पांनी एका पंच्याने स्वतःला भिवाच्या कमरेशी बांधून घेतलं, दुसरा तोंडाडोळ्यांवरून गुंडाळला. "देवळात पोचलो की उठीव," म्हणाले, आणि भिवाच्या पाठीवर डोकं ठेवून झोपी गेले.

वाट संपता संपता एक ओढा लागला. पाणी घोट्याएवढं. पलीकडे झाडांतून देवळाचं शिखर डोकावत होतं. एक बाई पाण्यात उभी राहून मासे धरत होती. तिने हातानेच खुणावलं, या की, काही खोल नाही. भिवाने पाण्यात वाकून पाहिलं. तळच्या खडकावर ओळीने पिंडी कोरलेल्या होत्या आणि सगळं पाणी त्यांच्यावरून वाहत होतं. भिवाने कानाला हात लावले. केवढ्या मोठ्या पापातून वाचलो आपण! आप्पा झोपेतही काही चुकू देत नाहीत, असं म्हणत त्याने गाडी वळवली.

दिवस मावळायला आला तेव्हा गाडी थांबली. कुठेतरी मंजुळ घंटा वाजली. आप्पा जागे झाले. त्यांनी डोळे न उघडताच हात जोडले. याच घंटेसाठी तर एवढ्या लांब आले होते. त्यांना रडू आवरेना. मग त्यांनी डोळ्यांवरचा पंचा सोडला.

समोर एक माणूस सामानाची ढकलगाडी ढकलत होता. विमानतळ होता तो, आणि घंटा तिथल्या सूचनेची.

"भिवा," आप्पा इकडेतिकडे बघत म्हणाले, "देऊळ कुटं हाय?"

"पाण्याच्या पल्याड. पाणी पिंडीवरनं येत हुतं, म्या स्वता बघितलं. लई पिंडी हुत्या."

आप्पांचा आवाज रडवेला झाला. "मंग हितं कशाला आणलंस रं मला?"

"निघालो तिथवर माघारी जायचं म्हनलात न्हवं? निघालो तर आपल्या गावातनं. गाडी हितवरच येती, आप्पा, म्होरं इमानच. गावात पोचलो की दुसऱ्या अंगानं पुन्यांदा त्या वढ्यापतूर यायचं," भिवा त्यांचा हात धरत म्हणाला. "जमंल. पृथ्वी गोल हाय म्हनत्यात."